क्रॉनमध्ये डंप बरोबर एक जीबीवर का तुटतो?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही तपासता येईल. रोज डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची फाइलीतली नक्कल) घेऊन तो जीझिप करणारी, म्हणजे दाबून लहान करणारी, आणि शेवटी 'बॅकअप पूर्ण' छापून जुने बॅकअप पुसणारी एक जुनी शेल स्क्रिप्ट तुमच्याकडे आली आहे. तुम्ही ती टर्मिनलवर हातानं चालवली की साधारण १.४ जीबीची फाइल व्यवस्थित तयार होते. तीच स्क्रिप्ट, तोच युजर, तीच डिस्क, पण क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सेवेतून) चालवली की फाइल १०७३७४१८२४ बाइटवर थांबते आणि मेलमध्ये 'फाइल साइझ लिमिट एक्सीडेड' एवढंच येतं. डिस्कवर जागा भरपूर आहे. टर्मिनलवर 'यूलिमिट -एफ' (एका फाइलच्या आकाराची मर्यादा दाखवणारी आणि लावणारी कमांड) अनलिमिटेड दाखवतं, आणि क्रॉनमध्ये हीच कमांड वेगळी लावून पाहिली तर तिथेही अनलिमिटेड. स्क्रिप्टच्या सुरुवातीला आधीच्या माणसानं 'यूलिमिट -एफ २०९७१५२' लिहिलंय, पण ते दोन जीबी होतात, म्हणून ते कारण नाही असं तुम्ही ठरवलंत. डंपच्या आधी 'यूलिमिट -एफ अनलिमिटेड' घालून पाहिलंत तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं.

(कमांड इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच नेहमीचं रोमन स्पेलिंग वापरा. आणि जीबी म्हणताना १०२४ च्या हिशेबातला जीबी धरा.)

माझ्या मते तुम्ही ज्या ओळीला निर्दोष ठरवलंत तीच गुन्हेगार आहे. तुमची मशीन माझ्यासमोर नाही, तेव्हा खात्री तुम्हालाच करून घ्यावी लागेल. ती कशी करायची ते पुढे सांगतो.

असा प्रश्न आला की मी सगळ्यात आधी तुटलेल्या फाइलचा आकार बाइटमध्ये मागतो. 'एलएस' ला -एच लावून मिळणारा '१.०जी' मला नको, कारण तो गोल केलेला आकडा असतो. 'डीयू' चाही उपयोग नाही, ते डिस्कवर व्यापलेली जागा सांगतं. साधं 'एलएस -एल' किंवा 'डब्ल्यूसी -सी' पुरे. हा आकडा महत्त्वाचा का, तर लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मर्यादेच्या बाबतीत अगदी काटेकोर असतो. एखादं राइट मर्यादा ओलांडणारं असेल तर तो ते मर्यादेपर्यंतच लिहून घेतो, उरलेलं लिहीत नाही, आणि त्यानंतरच्या राइटला प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) सिगएक्सएफएसझेड हा 'फाइलची मर्यादा ओलांडली' असं सांगणारा सिग्नल पाठवतो, आणि प्रोसेस सहसा त्यानंच मरते. त्यामुळे फाइल मर्यादेच्या नेमक्या बाइटवर थांबते. डिस्क भरून तुटलेल्या फाइलचा आकार बहुधा कसलाही वेडावाकडा असतो. तुमचा आकडा २ चा ३० वा घात आहे. इतका देखणा आकडा कुठेतरी कुणीतरी लिहून ठेवल्याशिवाय येत नाही.

आता त्या आकड्याला भागून पाहा. १०२४ नं भागलं तर १०४८५७६ येतात. ५१२ नं भागलं तर २०९७१५२. हा दुसरा आकडा तुमच्या स्क्रिप्टमध्ये जसाच्या तसा बसलेला आहे.

म्हणजे प्रश्न मर्यादा आहे की नाही हा नव्हताच. ती कुठल्या एककात मोजली जाते, हा आहे. यूलिमिट ही स्वतंत्र कमांड नाही, ती शेलच्या, म्हणजे तुम्ही दिलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पोटातली कमांड आहे, आणि प्रत्येक शेलचं -एफ चं एकक आपापलं आहे. बॅश नेहमीच्या मोडमध्ये १०२४ बाइटचा ब्लॉक धरतं. डॅश, कॉर्न शेल आणि झेडशेल ५१२ चा धरतात. पॉझिक्सनं (युनिक्ससारख्या सिस्टिमींच्या सामाईक मानकानं) ५१२ च ठरवलेलं आहे, त्यामुळे इथे वेगळं वागणारं बॅशच आहे. गंमत म्हणजे आजचं बॅश जर 'एसएच' या नावानं सुरू केलं तर ते पॉझिक्स मोडमध्ये जातं आणि तेही ५१२ नं मोजायला लागतं. म्हणजे एकच बायनरी, एकच ओळ, आणि हाक कुठल्या नावानं मारली यावर मर्यादा दुप्पट किंवा निम्मी. खाली कर्नलला याचा पत्ताही नसतो, तिथे सगळा हिशेब बाइटमध्येच चालतो.

तुमच्याकडे टर्मिनल आणि क्रॉन यांत शेल का बदलतो, याची दोन कारणं असू शकतात. एक, क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या) ओळीत 'एसएच' लिहून स्क्रिप्ट चालवली आहे आणि हातानं चालवताना तुम्ही 'बॅश' लिहिता. दुसरं जास्त फसवं आहे: स्क्रिप्टला पहिली '#!' ची ओळच नाही. अशी फाइल कर्नल स्वतः चालवू शकत नाही, मग जो शेल ती चालवायला निघाला होता तोच ती स्वतः वाचून चालवतो. तुमच्या टर्मिनलवर तो बॅश असतो. क्रॉन मात्र वेगळं काही सांगितलं नसेल तर '/बिन/एसएच' वापरतो, आणि डेबियन, उबुंटूवर ते म्हणजे डॅश. उबुंटूनं हा बदल २००६ मध्ये ६.१० पासून केला. रेडहॅटच्या कुळात 'एसएच' हे बॅशच असतं, पण वर सांगितलं तसं ते पॉझिक्स मोडमध्ये चालतं, तेव्हा तिथेही गत तीच. यांपैकी तुमच्याकडे काय आहे ते क्रॉनटॅब आणि स्क्रिप्टची पहिली ओळ उघडून पाहिली की लगेच कळेल.

माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्वतः पाहा. रिकाम्या डिरेक्टरीत हे चालवा:

बॅश -सी 'यूलिमिट -एफ १००; डीडी आयएफ=/डेव्ह/झीरो ओएफ=चाचणी बीएस=१के काउंट=५००; एलएस -एल चाचणी'

फाइल १०२४०० बाइटवर थांबलेली दिसेल. ती पुसून टाका आणि सुरुवातीच्या 'बॅश' च्या जागी 'एसएच' लिहून पुन्हा चालवा. आता ५१२०० दिसेल. चाचणी अशी '-सी' लावून किंवा कंसातल्या सबशेलमध्येच करा. चालू टर्मिनलवर इतकी लहान मर्यादा लावलीत तर ती त्या शेललाही लागू होते, आणि बाहेर पडताना हिस्टरीची फाइल लिहिताना त्याचाच बळी जाऊ शकतो.

आता तुमचा दुसरा गोंधळ, क्रॉनमध्येही अनलिमिटेड कसं दिसलं? तुम्ही योग्य गोष्ट तपासलीत, पण चुकीच्या ठिकाणी. मर्यादा ना युजरला चिकटलेली असते ना मशीनला. ती प्रोसेसची असते आणि बापाकडून पोराकडे जाते. तुमची वेगळी क्रॉन जॉब ही त्या स्क्रिप्टची भावंड झाली, स्क्रिप्टनं आपल्या घरात लावलेली मर्यादा तिला कशी दिसणार? मोजायचं ते जी प्रोसेस मरते तिच्यात. डंप चालू असताना जीझिपचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) 'पीग्रेप' नं काढा आणि '/प्रोक/पीआयडी/लिमिट्स' ही फाइल वाचा. त्यात 'मॅक्स फाइल साइझ' अशी ओळ असते, सॉफ्ट (प्रत्यक्ष लागू असलेली मर्यादा) आणि हार्ड (सॉफ्ट जास्तीत जास्त किती वर नेता येईल ती) असे दोन्ही आकडे, आणि एकक सरळ बाइट. तिथे १०७३७४१८२४ दोनदा दिसलं की वाद मिटला. यूलिमिट काय म्हणतं यापेक्षा मी नेहमी याच ओळीवर भिस्त ठेवतो, कारण तिच्यात शेलचा अनुवाद मध्ये येत नाही.

ती मर्यादा दोन्ही रकान्यांत का? कारण -एस किंवा -एच (दोन्ही कॅपिटल) न लावता 'यूलिमिट -एफ' ला आकडा दिला की सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही एकदमच खाली येतात. साध्या युजरला हार्ड मर्यादा खाली आणता येते, वर नेता येत नाही. सॉफ्ट हवी तशी हलवता येते, पण हार्डच्या आतच. म्हणून पहिल्या ओळीनंतर तुमचं 'अनलिमिटेड' नाकारलं गेलं. पुढे 'सुडो' लावून पाहावंसं वाटेल, त्याचाही उपयोग नाही: यूलिमिट शेलच्या आतली कमांड असल्यानं सुडोला ती बहुतेक ठिकाणी सापडतच नाही, आणि सापडली तरी ती एका वेगळ्या प्रोसेसची मर्यादा बदलून संपून जाईल.

पाइपबद्दलही, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देणाऱ्या '|' या जोडणीबद्दलही, एक गोष्ट लक्षात ठेवा. ही मर्यादा फक्त साध्या फाइलींवरच्या लिखाणाला लागते, पाइपला नाही. तुमच्या 'डंप | जीझिप > फाइल' या साखळीत फाइलमध्ये लिहितो तो जीझिप, म्हणून सिग्नल त्याला बसतो. तो मेला की डंपची पाइप तुटते आणि तो 'ब्रोकन पाइप' म्हणत मरतो. लॉगमध्ये डंपची तक्रार आधी दिसली तर माणूस डेटाबेसच्या मागे लागतो आणि दिवस वाया घालवतो. साखळीत आधी कोण मेलं ते पाहायचं. लिनक्सवर नेहमीच्या प्रोसेसरवर सिगएक्सएफएसझेडचा क्रमांक २५ आहे, त्यामुळे त्या सिग्नलनं मेलेल्या कमांडचा एक्झिट कोड शेलला १५३ दिसतो. १५३ दिसला की मी थेट मर्यादांकडे जातो.

सिग्नल नेहमीच दिसेल असंही नाही. प्रोग्रॅमनं तो दुर्लक्षित करायचं ठरवलं असेल तर राइटला ईएफबिग ही एरर मिळते, म्हणजे 'फाइल टू लार्ज'. पायथन सुरू होतानाच हा सिग्नल दुर्लक्षित करतो, म्हणून पायथनच्या स्क्रिप्टमध्ये हाच आजार ओएसएरर २७ असा दिसतो. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आलं तर दुखणं वेगळं, जागा किंवा आयनोड (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदी) संपलेत. 'डिस्क कोटा एक्सीडेड' आलं तर कोटा, आणि तो युजरच्या सगळ्या फाइलींची बेरीज पाहतो. यूलिमिट -एफ बेरीज पाहत नाही, एकेक फाइल सुटी पाहतो. हजार फाइली मर्यादेच्या आत लिहिल्या तरी त्याची हरकत नसते.

तुमचा आकडा वेगळा असता तर माझं उत्तरही वेगळं असतं. २१४७४८३६४७ वर थांबलेली फाइल बघितली की मला जुना ३२ बिटचा प्रोग्रॅम आठवतो, जो मोठ्या फाइलींच्या आधाराशिवाय कंपाइल झालेला असतो, किंवा मग एनएफएसची (नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या पद्धतीची) दुसरी आवृत्ती. मोठ्या फाइलींसाठीचा करार १९९६ मध्येच झाला, पण तरीही असे प्रोग्रॅम अधूनमधून भेटतात. ४२९४९६७२९५ म्हणजे बहुधा फॅट३२ नं फॉरमॅट केलेली बाहेरची डिस्क, तिथे यूलिमिट कितीही वाढवा, फाइल चार जीबीला पोचण्याच्या एक बाइट आधी अडणारच. ईएक्सटी३ वर चार केबीच्या ब्लॉकला २ टीबी, ईएक्सटी४ वर १६ टीबी ही फाइलची हद्द. रोजच्या कामात तिथवर क्वचितच कुणी जातं. एआयएक्सवर (आयबीएमच्या युनिक्सवर) मात्र नवीन युजरला मिळणारी फाइलची मर्यादाच २०९७१५१ ब्लॉक असते, ५१२ च्या हिशेबानं १०७३७४१३१२ बाइट. तुमच्या आकड्यापेक्षा बरोबर ५१२ नं कमी. तुम्ही आकार गोल करून 'एक जीबी' एवढंच सांगितलं असतंत तर तुम्ही कुठल्या मशीनवर आहात हे मला आधी विचारावं लागलं असतं. तिथला उपाय रूटनं 'सीएचयूझर' नं एफसाइझ -१ करणं आणि पुन्हा लॉगिन करणं हा आहे.

डिस्कची हद्द आहे की प्रोसेसची, हे झटकन पाहायचं असेल तर 'ट्रंकेट -एस ३जी चाचणी' चालवा. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएसवर ही पोकळ फाइल क्षणात होते आणि जागा जवळजवळ घेत नाही, पण मर्यादेची तपासणी तिलाही लागते. ती झाली तर तुमच्या चालू शेलमध्ये तीन जीबीपर्यंत अडथळा नाही असं समजा.

आता दुरुस्ती. ती ओळ सरळ उडवून टाका असं मी म्हणणार नाही. आधीच्या माणसानं ती विनाकारण लिहिली असेल असं वाटत नाही, बहुधा एखादा डंप वाहवत जाऊन अख्खी डिस्क खाऊ नये ही धास्ती असावी, आणि ती रास्त आहे. पण नुसतं पहिल्या ओळीत '#!/बिन/बॅश' टाकून, क्रॉनटॅबमधला 'एसएच' काढून थांबलात तर तुम्हाला दोन जीबी मिळतील, आणि आत्ताच तुम्ही १.४ वर आहात. काही महिन्यांनी तुमच्याकडे हेच दुखणं दुसऱ्या आकड्यानिशी परत येईल. शेल निश्चित कराच, पण मर्यादाही नव्यानं ठरवा. ती किती असावी हे मला इथून सांगता येणार नाही, डेटा किती वेगानं वाढतो आणि डिस्कवर किती बॅकअप ठेवायचेत यावर ते आहे.

लिनक्सवर असाल तर मी यूलिमिट सोडून 'पीआरलिमिट' वापरेन. तिला एफसाइझचा आकडा थेट बाइटमध्ये द्यायचा असतो, शेल कुठलाही असो. फक्त ती योग्य कमांडच्या पुढे लावा:

डंप | पीआरलिमिट --एफसाइझ=८५८९९३४५९२ जीझिप > फाइल

ही आठ जीबीची हद्द झाली. तीच डंपच्या पुढे लावली असती तर काहीच झालं नसतं, कारण डंप लिहितो पाइपमध्ये. आणि स्क्रिप्टमधली जुनी यूलिमिटची ओळ तशीच राहू दिलीत तर पीआरलिमिटलाही हार्ड मर्यादेच्या वर जाता येणार नाही, तेव्हा ती काढावी लागेल. पीआरलिमिट नसेल तर कंसात सबशेल करून 'यूलिमिट -एस -एफ' (एस कॅपिटल) वापरा. निदान हार्ड मर्यादा शाबूत राहते आणि बाकीच्या स्क्रिप्टला झळ लागत नाही.

एककांचा हा घोळ इतर ठिकाणीही आहे, तो एका दमात सांगून टाकतो. '/ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ' मध्ये एफसाइझ केबीमध्ये लिहितात. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सर्व्हिस फाइलमध्ये 'लिमिटएफसाइझ' बाइटमध्ये, हवं तर के, एम, जी जोडून. लिमिट्स.कॉन्फ लॉगिनच्या वेळी पॅममधून (लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेतून) लागू होतं, म्हणून सिस्टमडीनं उठवलेल्या डेमनला (पार्श्वभूमीला चालणाऱ्या सेवेला) ते सहसा लागत नाही. पुढेमागे तुम्ही डंप क्लायंटकडून न घेता डेटाबेस सर्व्हरलाच फाइल लिहायला सांगितलीत, तर लिहिणारी प्रोसेस सर्व्हरची असेल आणि मर्यादाही त्याच्याच सर्व्हिस फाइलमधली लागेल. तुमच्या स्क्रिप्टमधला आकडा तेव्हा निव्वळ शोभेचा.

आणि मर्यादेइतकंच मला खटकतंय ते हे, की स्क्रिप्ट अर्धी फाइल टाकून पुढे 'बॅकअप पूर्ण' छापते आहे. साखळी संपली की लगेच एक्झिट कोड तपासा. आधी तात्पुरत्या नावानं लिहा, 'जीझिप -टी' नं फाइल तपासा, सगळं ठीक असेल तरच 'एमव्ही' नं खरं नाव द्या. जुने बॅकअप पुसण्याची ओळ त्याच्याही नंतर. सध्याच्या क्रमानं चालू राहिलं तर धड असलेल्या फाइली एकेक करून पुसल्या जातील आणि मागे फक्त तुटक्या उरतील.

म्हणून बाकी दुरुस्ती उद्यावर ढकललीत तरी चालेल, पण पुसण्याची ओळ आत्ताच बंद करा आणि बॅकअपच्या डिरेक्टरीत 'फाइंड . -साइझ १०७३७४१८२४सी' चालवा. शेवटचा 'सी' विसरू नका, तो नसेल तर फाइंडसुद्धा ५१२ च्या ब्लॉकमध्ये मोजतं. जितक्या फाइली येतील तितके बॅकअप तुटके धरा. उरलेल्यांपैकी सगळ्यात ताजी फाइल 'जीझिप -टी' मधून पार झाली की ती दुसऱ्या मशीनवर कॉपी करून ठेवा, आणि आजचा डंप हातानं, बॅशमधून, एकदा घेऊन टाका.